उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात कोणती मराठी पुस्तके आणावीत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण बडोद्यात मांजलपूर भागात राहता, घरात मराठीच बोलली जाते, मुलगी अकरा वर्षांची असून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. तिला मराठी उत्तम समजते आणि बोलताही येते, परंतु वाचायला बसली की ती अडखळते आणि दुसऱ्या पानावर कंटाळते. सासूबाईंना वाचनाची मनापासून आवड आहे, पण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही बारीक टाइप त्यांना सोसत नाही. आपले स्वतःचे वाचन नोकरीच्या धबडग्यात मागे पडले आहे. सुट्टीत तिघींनाही सोपी आणि रंजक वाटतील अशी पुस्तके सुचवावीत, असे आपण म्हणता. बडोद्यातच ग्रंथालयाचा मराठी विभाग सांभाळण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली आणि एप्रिल संपत आला की हा प्रश्न घेऊन येणारे पालक दरवर्षी भेटत असत. काही नावे मी पुढे देणारच आहे, परंतु आधी निवड कशी करावी ते सांगतो, कारण यादीतले पुस्तक नेमके त्या वेळी मिळत नाही आणि मग पालक हाती लागेल ते घेऊन जातात.

सोपे पुस्तक म्हणजे पातळ पुस्तक, किंवा ज्याच्या मुखपृष्ठावर आपल्या मुलाचे वय छापलेले आहे ते पुस्तक, असे बहुतेक जण धरून चालतात. महाराष्ट्रातल्या मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे काही अंशी चालून जाते, आपल्याकडे चालत नाही. बडोद्यातल्या मराठी मुलाच्या कानाला जितकी मराठी येते, तितकी त्याच्या डोळ्याला येत नाही. आजीच्या बोलण्यातले भोचक, चिडचिड, वेंधळेपणा, उगाचच, आटपा आता, हे सगळे आपल्या मुलीला नीट कळते. पण हेच शब्द छापलेले पाहण्याची वेळ तिच्यावर फारशी आलेली नाही. तेव्हा तिची अडचण अर्थाची नसून ओळखीची आहे, आणि जी अडचण ओळखीची असते ती रोजच्या थोड्या वाचनाने लवकर ओसरते, मात्र त्यासाठी पुस्तकातली भाषा घरातल्या बोलण्याच्या जवळची असावी लागते. निवडीची माझी मुख्य कसोटी हीच आहे. पानांची संख्या, वयोगट आणि मिळालेले पुरस्कार या गोष्टी मी त्यानंतर पाहतो.

ती नेमकी कुठे अडते हे जवळ बसून पाहिल्यास निवड सोपी होते. देवनागरी लिपी ती शाळेत हिंदीच्या तासाला शिकली आहे आणि हिंदी वाचनाच्या सवयी घेऊन ती मराठी पानावर येते. हिंदीत नामाला लागणारे प्रत्यय बहुधा सुटे लिहितात, मराठीत ते शब्दाला चिकटतात, त्यामुळे ‘शेजाऱ्यांच्याकडच्या’ असा शब्द समोर आला की तो कळण्याआधी त्याच्या लांबीचीच धास्ती वाटते. ‘कुऱ्हाड’ आणि ‘दऱ्या’ यांतला अर्धा र तिने हिंदीत पाहिलेला नसतो. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ यांतल्या च चे उच्चार वेगळे आहेत, पण छापील अक्षर त्याची काहीच खूण देत नाही. हे सगळे अडथळे तोंडाने वाचताना दूर होतात, कारण शब्द उच्चारला की कान त्याला ओळखतो. म्हणून पुस्तक निवडताना मुलीला सोबत घेऊन जावे, पुस्तकाचे पहिले पान न उघडता मधले कुठलेही पान उघडावे (पहिल्या पानावर लेखक सहसा बेतशीर असतो, त्याची खरी भाषा मध्ये कळते) आणि तिला ते हलक्या आवाजात वाचू द्यावे. मध्ये टोकू नये, दुरुस्त करू नये, फक्त ती कुठे थांबते ते पाहावे. थांबली आणि शब्द उच्चारताच पुढे गेली, तर तो थांबा मोजू नये. उच्चारूनही तिचा चेहरा कोराच राहिला, तर तो खरा अडथळा. असे अडथळे एका पानात पाचाहून अधिक आले, तर ते पुस्तक यंदाच्या सुट्टीपुरते बाजूला ठेवावे, मग ते कितीही थोर असो.

आता छपाईविषयी. मराठीत मात्रा, रफार, अनुस्वार ओळीच्या वर जातात आणि उकार, ऋकार खाली उतरतात, त्यामुळे टाइप मोठा असूनही दोन ओळींत जागा कमी असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकल्यासारखा दिसतो. नवशिक्या मुलाला आणि थकलेल्या डोळ्याला याचा सारखाच त्रास होतो. टाइपाच्या आकारापेक्षा ओळींमधले अंतर आधी पाहावे, असे मी सासूबाईंसाठीही सांगेन. शिवाय आपल्या शहरात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी केली, तिच्यामुळे मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आणि कित्येक जुन्या घरांतल्या कपाटांत मराठीच्या फार जुन्या आवृत्त्या अजून आहेत. अभ्यासकाच्या दृष्टीने ही मोठी दौलत आहे. परंतु मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये लागू झाले आणि त्यांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकात ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे छापलेले आढळेल. आजीला त्याचे काही वाटत नाही. मुलगी मात्र प्रत्येक टिंबाचा उच्चार करू पाहते आणि वाक्याचा अर्थ हातचा निसटतो. तिच्यासाठी जुन्या पुस्तकाचीही नवी आवृत्तीच आणावी.

मुलीच्या पुस्तकांकडे वळतो. अकराव्या वर्षी मुलांना आपण लहान नाही याची फार जाणीव असते, म्हणून वाचनाचा वेग कमी आहे एवढ्या कारणाने तिच्या हाती चार ओळींचे चित्रपुस्तक ठेवले तर तिला ते अपमानास्पद वाटेल. यातून एक मार्ग निघतो. घरात किंवा शेजारी चार-पाच वर्षांचे मूल असेल तर त्याला गोष्ट वाचून दाखवण्याचे काम तिच्याकडे द्यावे. मग तेच चित्रपुस्तक ती मोठेपणाने वाचते आणि तिचाही सराव होतो. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य आहेत आणि त्या वाचनाच्या चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत, त्यातल्या पहिल्या दोन पातळ्या या कामासाठी पुरेशा आहेत. तिथली, तसेच नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली बरीच पुस्तके अनेक भारतीय भाषांत निघालेली आहेत. जी गोष्ट तिने इंग्रजीत किंवा गुजरातीत वाचलेली आहे तीच मराठीत दिली, तर पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे तिचे सगळे लक्ष अक्षरांवर राहू शकते. दोन भाषांतले एकच पुस्तक शेजारी-शेजारी ठेवून वाचण्याची गंमत मुलांना वाटते, आणि भाषांतरात काय बदलले हे शोधण्यात तर ती तासभर रमतात.

तिच्या स्वतःच्या वाचनासाठी मी सर्वप्रथम भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सुचवेन. फुरसुंगीहून पुण्यात शिकायला आलेला बनेश फेणे सायकलवरून एकेका भानगडीत शिरतो आणि सहीसलामत बाहेर पडतो, एवढीच सगळ्या गोष्टींची चौकट आहे. पण त्यात संवाद भरपूर आहेत, प्रकरणे छोटी आहेत आणि प्रत्येक प्रकरण अशा जागी संपते की पुढचे उघडावेसे वाटावे. संवादांचे महत्त्व मी मुद्दाम सांगतो. ज्या पानावर संवाद आहेत त्या पानावर ओळी तुटक असतात, पांढरी जागा अधिक दिसते आणि वाक्ये बोलण्यातली असतात. घरी मराठी ऐकलेल्या मुलाला असे पान आपोआप सोपे जाते. शिवाय ही मालिका आहे. पहिल्या पुस्तकात पात्रांची, शाळेची आणि लेखकाच्या लकबींची ओळख करून घेण्यात जी मेहनत पडते ती दुसऱ्या पुस्तकात पडत नाही, त्यामुळे वाचनाचा वेग तिसऱ्या पुस्तकापर्यंत नजरेत भरण्याइतका वाढलेला असतो. वाचन अडखळणाऱ्या मुलासाठी एकाच लेखकाची मालिका ही दहा वेगवेगळ्या उत्तम पुस्तकांपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन मोठ्या पुस्तकांच्या मधल्या दिवसांसाठी ‘किशोर’ मासिक ठेवावे. बालभारती ते १९७१ पासून काढत आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. कोडी, छोट्या कथा, माहितीपर लेख आणि चित्रे असे त्याचे मिश्रण असते. मन लागेल ते वाचावे, बाकीचे सोडून द्यावे. मात्र हे अंक जशीच्या तशी पाने टिपलेले असल्यामुळे मोबाइलच्या लहान पडद्यावर एकेक ओळ सरकवत वाचावी लागते आणि त्यात अर्धी मजा जाते. टॅब्लेट असेल तर त्यावर पाहावे, नाहीतर दोन-तीन अंकांची निवडक पाने छापून घ्यावीत.

मुलगी दोन वर्षांनी मोठी असती, तर जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा मी आधी दिल्या असत्या. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना त्यातल्या कल्पना शाळेमुळे परिचयाच्या असतात, भाषा सरळ आहे आणि बोलीचा अडसर नाही. त्यांनी पहिली विज्ञानकथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, म्हणजे स्वतःच्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा केला होता, एवढे सांगितले तरी मुले कुतूहलाने पुस्तक उघडतात.

आपल्याला अनेक जण ‘श्यामची आई’ सुचवतील, किंबहुना सुचवून झालेही असेल. पुस्तकाच्या थोरवीविषयी वाद नाही, परंतु बडोद्यातल्या अकरा वर्षांच्या मुलीने सुट्टीत एकटीने बसून आवडीने वाचावे असे ते पुस्तक आहे, असे मला वाटत नाही. त्यातले कोकणातले घर, सोवळे, कर्ज, सणवार या गोष्टी तिला कोणीतरी सांगाव्या लागतात आणि ओळीने वाचल्यास ती हळवेपणाने थकते. साने गुरुजींनी मात्र त्याची रचनाच रात्रींत केलेली आहे. श्याम रोज रात्री सोबत्यांना एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री आहेत. तेव्हा ते रात्री गच्चीवर किंवा अंगणात आजीने एकेक प्रकरण मोठ्याने वाचावे यासाठी राखून ठेवावे आणि एखादी रात्र गाळली तरी चालेल असे समजावे.

असाच मोठ्याने वाचण्याचा दुसरा आणि माझ्या लेखी अधिक आनंदाचा पर्याय म्हणजे चिं. वि. जोशी. चिमणराव पुण्याचा असला तरी त्याचा जनक आपल्या बडोद्याचा म्हणावा लागेल, कारण जोशी बडोदे कॉलेजात पाली भाषा शिकवत असत आणि संस्थानाच्या दप्तरखान्याचेही काम त्यांच्याकडे होते. चिमणराव, गुंड्याभाऊ, काऊ आणि मोरू, राघू, मैना ही मुले यांच्या घरातले प्रसंग आज नव्वद वर्षांनंतरही हसवतात, कारण नवे काही करून दाखवण्याच्या भरात होणारी फजिती कोणत्याही काळात तशीच होते. अडचण एवढीच की आणे-पैसे, टांगा, बिऱ्हाड, लग्न जमवण्याच्या खटपटी या गोष्टी मुलीला परक्या आहेत, त्यामुळे एकटीने वाचताना विनोदाची जागा तिच्या हातून सुटते. सासूबाईंनी एक गोष्ट वाचावी, जिथे हसू येईल तिथे का आले ते सांगावे आणि पुढची दोन पाने नातीकडून वाचून घ्यावीत. आजीच्या डोळ्यांना तेवढीच विश्रांती मिळते. हे पुस्तक मुलीच्या यादीत किंवा सासूबाईंच्या यादीत न घालता दोघींच्या मिळून यादीत घालावे.

सासूबाईंसाठी नवे लेखक शोधत बसू नये. त्यांना विचारावे की लग्नाआधी किंवा मुले लहान असताना आवडलेली, पण पुन्हा हाती न आलेली पुस्तके कोणती, आणि त्यांतली दोन-तीन चांगल्या छपाईच्या आवृत्तीत मिळवावीत. ओळखीच्या मजकुरात डोळा एखादे अक्षर चुकला तरी मन ते भरून काढते. जाड बांधणीचे पुस्तक पडल्या-पडल्या छातीवर धरून वाचणे वयस्क हातांना जड जाते, म्हणून एकाच खंडातल्या मोठ्या कादंबरीपेक्षा दीडशे-दोनशे पानांचे कथासंग्रह किंवा व्यक्तिचित्रे बरी पडतात. ई-पुस्तक घेणार असाल तर अक्षर मोठे केल्यावर ओळी पुन्हा नीट जुळतात की पान नुसतेच फुगते, हे विकत घेण्याआधी नमुन्याच्या पानावर पाहून घ्यावे. दुपारी डोळे मिटून ऐकायचे असेल तर ‘स्टोरीटेल’सारख्या ठिकाणी मराठी पुस्तके ध्वनिरूपात मिळतात, त्याला वाचन म्हणावे की नाही यावर आमच्या व्यवसायात पुष्कळ चर्चा होते, पण पंच्याहत्तरीच्या बाईंना ती चर्चा ऐकवण्यात अर्थ नाही.

आपल्या स्वतःसाठी. वाचन सुटलेल्या माणसाची नेहमीची चूक अशी की तो सुट्टीच्या सुरुवातीलाच सहाशे पानांची ऐतिहासिक कादंबरी हाती घेतो, साठ पाने वाचतो, मध्ये पाहुणे येतात आणि परत आल्यावर कोण कोणाचा सरदार हेच आठवत नाही. मध्येच सोडून चार दिवसांनी पुन्हा उचलता येईल असे पुस्तक घ्यावे. आधी मासिकातून क्रमशः आलेले लेखन या दृष्टीने फार सोयीचे असते, कारण प्रत्येक हप्त्याला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागलेले असते. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ हे १९६० चे प्रवासवर्णन आपण कदाचित कॉलेजात वाचले असेल, शि. द. फडणीस यांच्या चित्रांसह ते पुन्हा वाचावे, एका बैठकीत एक प्रकरण. बोलीतल्या साहित्याविषयी मात्र एक सावधगिरी सुचवतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ सव्वाशे-दीडशे पानांची आहे आणि तिच्यातले निवेदन निर्मळ आहे, त्यामुळे ती सोपी म्हणून अनेकदा सुचवली जाते. परंतु माणदेशी संवादांची लय बडोद्यात वाढलेल्या कानाला लागायला वीस-पंचवीस पाने जावी लागतात. तेवढा धीर असेल तर ती जरूर घ्यावी, पहिले पुस्तक म्हणून नको.

आणखी एक साठा आपल्या घरातच असण्याची शक्यता आहे. मराठी दिवाळी अंकांची परंपरा ‘मनोरंजन’ मासिकाच्या १९०९ च्या अंकापासूनची आहे आणि आपल्याकडे दर दिवाळीला चार-दोन अंक हौसेने घेतले जातात, फराळ संपेपर्यंत चाळले जातात आणि मग टीपॉयच्या खालच्या कप्प्यात जातात. त्यांतली निम्मी पाने सहसा न वाचलेली असतात. कथा, लेख, व्यंगचित्रे, प्रवासवर्णन असे सगळे त्यात एकत्र मिळते आणि प्रत्येक मजकूर अर्ध्या-पाऊण तासात संपतो. नवे पुस्तक घेण्याआधी तो कप्पा उपसावा. त्यात एखाद्या लेखकाची कथा आवडली तर त्याचा संग्रह मागवावा. लेखक निवडण्याची याहून स्वस्त रीत मला ठाऊक नाही.

पुस्तके आणण्याचे वेळापत्रक आपल्या शाळांच्या सुट्टीप्रमाणे ठरवावे लागते. गुजरातेतल्या बहुतेक शाळांना मेच्या सुरुवातीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे साधारण पाच आठवडे, सुट्टी असते आणि त्यातला एखादा आठवडा गावी किंवा लग्नकार्यात जातोच. बडोद्यात मराठीची नवी बालपुस्तके दुकानात हवी तशी मिळत नाहीत, पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडून मागवावी लागतात, तेव्हा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच मागणी नोंदवावी. ग्रंथालयातून मुलीसाठी एका वेळी तीन पुस्तके आणावीत आणि त्यातले एक अर्धवट टाकण्याची तिला मोकळीक असावी. ग्रंथालयात सकाळीच जाऊन यावे, कारण मे महिन्यात अकरानंतर मांडवीच्या रस्त्यावर मुलाला नेणे म्हणजे पुस्तकांविषयी त्याच्या मनात अढी निर्माण करणे होय.

वाचून झाल्यावर तिला सारांश लिहायला सांगू नये आणि तात्पर्य तर अजिबात विचारू नये. फार तर, यातले कोण तुझ्या वर्गात असते तर तुला चालले असते, इतके विचारावे. तिने चार दिवसांत एक फास्टर फेणे संपवला, तर आता जरा वरच्या पायरीचे काही देऊ असा मोह आपल्याला होईल. तो आवरावा आणि त्याच मालिकेतले पुढचे पुस्तक आणून द्यावे.